उजनीच्या पाण्यावर घरची होडी

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याला लागलात की सुमारे शंभर किलोमीटरवर भिगवण येते. एस.टी.ने या नाहीतर रेल्वेने या, पण शक्यतो पौष-माघाच्या थंडीत या आणि उजाडायच्या आत काठावर पोचा. भिगवणहून कुंभारगावाकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो. तोडणीचे दिवस असतात. पाचटाचा वास येतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि टोळ्यांच्या बैलगाड्या ओळीने चाललेल्या असतात. आपण आपले उसाच्या उंचीकडे पाहत, हा खोडवा की आडसाली असा अंदाज करीत चाललेलो असतो, आणि एकाएकी फड संपतो नि पाणी सुरू होते. धुक्यात पलीकडचा काठ दिसावा न दिसावा इतके पाणी!

हे पाणी भीमेचे. माढा तालुक्यातल्या उजनी गावाजवळ भीमा अडवली. १९६६ साली कामाला सुरुवात झाली आणि १९८० साली धरण पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर असे नाव दिले. धरण सोलापूर जिल्ह्यात, पण त्याचा फुगवटा मागे इंदापूर, करमाळा, दौंडपर्यंत पसरलेला. साठवण सुमारे ११७ टी.एम.सी.ची. एवढे पाणी साठवायचे म्हणजे गावेच्या गावे उठणार, तशी ती उठली. पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने पळसनाथाचे देऊळ उघडे पडते, आणि मग आसपासची म्हातारी माणसे नातवंडांना घेऊन तिथे जातात व इथे आपला वाडा होता, इथे मारुतीचा पार होता असे हाताने दाखवतात.

ज्यांच्या विहिरीवर मोट चालायची त्यांच्या विहिरीवरून आता होडी जाते. काहींनी पाण्याकडे पाठ फिरवली, काहींनी जाळे हातात घेतले. भिगवणचा मासळीबाजार त्यातूनच वाढला. चिलापी, कटला, रोहू, मरळ, वाम अशी मासळी येते, आणि तिच्या मागे दूरदूरची गिऱ्हाइके येतात. हिवाळ्यात रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. उथळ पाण्यात हजारोंनी उभे राहिलेले ते गुलाबी-पांढरे पक्षी पाहायला पुण्या-मुंबईची मंडळी गाड्या घेऊन येतात. चित्रबलाक, चक्रवाक, बगळे यांची तर मोजदाद नाही. साहजिकच काठावरच्या प्रत्येक घराला आता वाटते, आपलीही एक होडी असावी. घरची मासळी होईल, चार पाहुण्यांना पक्षी दाखवता येतील, रविवारी पोरांना पाण्यावर नेता येईल.

वाचकहो, तुम्ही उजनीकाठचे नसाल. कोयनेच्या शिवसागराकाठचे असाल, जायकवाडीच्या नाथसागराकाठचे असाल, नाहीतर तुमच्या गावच्या एखाद्या मध्यम प्रकल्पाचे पाणी तुमच्या बांधाला लागलेले असेल. होडीचा विचार तुमच्याही घरात कधीतरी निघेल. आम्ही बियाणे, खते, औषधे यांवर बोलणारी माणसे. होडी हा काही आमच्या खात्याचा विषय नव्हे. पण काठच्या गावांत फिरताना मला पिकावरच्या मावा-तुडतुड्यांइतकेच होडीविषयीही विचारले जाते. विचारणारे बैल घेताना दात पाहतात, चालवून पाहतात, चार बाजार फिरतात. होडी घेताना मात्र रंग पाहतात आणि किंमत विचारतात. म्हणून हे लिहायला बसलो.

कुंभारगावच्या पुढे काठालगतच्या एका वस्तीवर माझा जुना घरोबा आहे. घरात म्हातारे आबा, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे. नातू कॉलेज करून शेतीत आलेला, नात तिसरीत. सूनबाई माझ्या मित्राची बायको, म्हणून मी त्यांना वहिनी म्हणतो. त्यांचे माहेर समोरच, करमाळ्याच्या काठाला. अंगणात उभे राहिले तर माहेरच्या शिवारातला दिवा दिसतो, पण रस्त्याने जायचे तर सगळ्या पाण्याला वळसा घालावा लागतो.

गेल्या माघात मी गेलो तेव्हा घरात होडीवरून वाद पेटलेला होता. उसाचे बिल आले होते. नातवाला मोठी, दहा माणसे बसतील अशी फायबरची होडी हवी होती, तीही मोटारीसकट. पर्यटक बसवायचे आणि दोन हंगामांत पैसे फेडायचे असा त्याचा हिशेब. त्याचा बाप म्हणे, पत्र्याची घेऊ, निम्म्यात काम होईल. आबा काहीच बोलत नव्हते. वहिनी चहा देताना एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, घेतील ती घेतील. वारा सुटल्यावर ती परत कशी येते, तेवढं यांना विचारा."

त्या असे का म्हणाल्या हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. २१ मे २०२४ रोजी संध्याकाळी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी होडी वादळी वाऱ्यात उलटली. एकाने पोहत काठ गाठला. सहा जण गेले. त्यांत आईबापांबरोबरची लहान मुले होती. तेव्हापासून वहिनी पाण्यावरून माहेरी गेल्या नव्हत्या.

"जमीन गेली तेव्हा आम्ही पाण्यावर रुसून बसलो," आबा शेवटी म्हणाले. "आता पोरगं पाण्यावर जायचं म्हणतंय, तर मी अडवणार नाही. पण भाऊसाहेब, तुम्ही याला हिशेब घालून द्या. पैशाचा नको, वजनाचा."

तो हिशेब आम्ही कारखान्याच्या पावतीच्या पाठीमागे मांडला. तुम्हीही मांडून पाहा, अवघड नाही. एक घनफूट पाणी म्हणजे सुमारे २८ किलो. होडी जेवढे पाणी बाजूला सारते तेवढेच वजन ती उचलते. समजा, होडीचा सपाट तळ १२ फूट लांब आणि साडेतीन फूट रुंद आहे. म्हणजे ४२ चौरस फूट. ती एक इंच बुडाली की साडेतीन घनफूट पाणी सरले, म्हणजे जवळजवळ १०० किलो. लक्षात ठेवायला सोपे: अशा होडीत एक क्विंटल चढला की ती एक इंच खाली बसते.

आता भरा. होडी स्वतः दीड क्विंटल. चार माणसे अडीच क्विंटल. जाळी, वल्ही, नांगर, दोरखंड अर्धा क्विंटल. मासळी अर्धा क्विंटल. एकूण पाच क्विंटल, म्हणजे पाच इंच. होडीची बाजू १८ इंच असेल तर १३ इंच पाण्यावर उरली. आता चारांऐवजी दहा माणसे बसवा. पावणेनऊ-नऊ क्विंटल झाले आणि बाजू उरली नऊ इंच.

"एक वीत उरते की, काका!" नातू म्हणाला.

वीत उरते, पण ती माणसे बाहुल्यांसारखी गप्प बसली तर. रोहितांचा थवा उडाला की पाहुणे काय करतात? सगळे एका बाजूला होतात, दोघे उभे राहतात, एकजण फोटो काढायला वाकतो. त्या बाजूची वीतभर कड चार बोटांवर येते. त्याच वेळी शेजारून दुसऱ्या मोटारहोडीची लाट आली की पाणी आत. एकदा पाणी आत आले की ते उताराकडे धावते, म्हणजे जी बाजू आधीच खाली गेली आहे तिकडेच. धान्याचे पोते गाडीत एका अंगाला सरकले तर गाडी कलते, पण पोते पुढे सरकत नाही. पाणी सरकत राहते. होडी बुडते ती बहुधा वजनाने नव्हे, या सरकण्याने.

परदेशात एका मोटारीच्या छोट्या बोटींसाठी एक अडाखा वापरतात, तो मी त्याला सांगितला: लांबी आणि रुंदी फुटांत मोजा, दोहोंचा गुणाकार करा आणि १५ ने भागा. येईल तेवढी माणसे. १४ फूट लांब, साडेचार फूट रुंद होडी असेल तर गुणाकार ६३, भागाकार चार. पोराचा चेहरा उतरला. काठावर अशाच होड्यांत आठ-आठ, दहा-दहा माणसे बसलेली तो रोज पाहत होता. रोज पाहतो म्हणून ते बरोबर ठरत नाही, हे त्याला आबांनीच सांगितले. मी सांगितले असते तर त्याला ते सरकारी वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काठावर गेलो. तुम्हीही होडी पाहायला जाल तेव्हा सकाळी जा; दुकानात किंवा कारखान्यात नव्हे, पाण्यावर जा आणि चालवणाऱ्याशी बोला. काठावर नाना तऱ्हा दिसल्या. थर्माकोलचे तुकडे गोणपाटात बांधून केलेला तराफा, ट्रॅक्टरच्या ट्यूबवर बसून जाळे सोडणारा गडी, पत्र्याच्या होड्या, डांबराने काळ्याकुट्ट झालेली एक लाकडी होडी आणि निळ्या-पिवळ्या फायबरच्या होड्या. ट्यूब आणि तराफा यांवर घरची माणसे बसवायची नाहीत, एवढे सांगून पुढे जातो. महापुरात लोक गुऱ्हाळाच्या काहिलीत बसूनही जीव वाचवतात, पण ती वेळ निराळी.

पत्र्याची होडी स्वस्त पडते. गावचा वेल्डिंगवाला ती करतो आणि दुरुस्तही करतो, हा तिचा मोठा गुण. दगडावर आपटली तर फुटत नाही, चेपते. पण जोडाच्या रेघेवर गंज धरतो, उन्हात पत्रा इतका तापतो की मूल बसू शकत नाही, आणि मुख्य म्हणजे पाणी भरले की ती सरळ तळाला जाते. लोखंडाचे वजन पाण्यात फारसे कमी होत नाही. अशी होडी घ्यायचीच झाली तर बैठकीखाली दोन्ही बाजूंना रिकामे, बूच घट्ट बसवलेले डबे पट्ट्यांनी आवळून बांधा. २० लिटरचा एक डबा साधारण २० किलो उचलतो. दीड क्विंटलच्या होडीला आणि तिला धरून राहणाऱ्या माणसांना किती डबे लागतील, हा हिशेब आता तुम्हाला येतोच.

लाकडी होडी मला स्वतःला आवडते. भरली तरी ती तरंगते आणि धरून राहायला आधार मिळतो. पण चांगला साग आज कोणाला परवडतो? आणि दर वर्षी फटी भरणे, डांबर लावणे हे काम चुकत नाही. उन्हाळ्यात पाणी मागे हटले आणि होडी कोरडी पडली की बैलगाडीच्या चाकासारख्या फळ्या आकसतात. ती पुन्हा पाण्यात टाकायच्या आधी ओली गोणपाटे घालून फुगवावी लागते. घरात हे करणारा हात असेल तरच लाकडाकडे वळा.

राहिली फायबरची. हलकी, न गंजणारी, दुरुस्तीला सोपी. बजेट बेताचे असेल तर जुनी फायबरची होडी बघावी हे माझे मत. पण ती बघावी कशी? पहिल्यांदा ती उलटी करायला लावा. मालक कुरकुरला तर दोन माणसांच्या चहाचे पैसे द्या, पण उलटीच करायला लावा. कलिंगड वाजवून घेता ना, तसा तळ बोटांच्या पेरांनी वाजवत जा. टणक आवाज येत असताना मध्येच बद्द आवाज आला तर तिथे आतला थर सुटला आहे. अंगठ्याने दाबा, तळ दबत असेल तर सोडून द्या. फोड आलेत का, ताज्या रंगाखाली ठिगळ आहे का, हे तिरप्या उन्हात पाहा. मोटार अडकवायची मागची फळी बहुधा आतून लाकडाची असते आणि पाणी शिरून कुजते. तिथले बोल्ट हाताने हलवून पाहा. लहानशी चीर भिण्यासारखी नाही. ती घासून, पूर्ण वाळवून, काचेची चटई आणि रेझीन लावून बुजते. मात्र रेझीनमध्ये हार्डनर किती घालायचे ते डब्यावर वाचून मोजूनच घाला, फवारणीच्या औषधासारखे झाकणाच्या अंदाजाने नको.

मग होडी पाण्यात ढकला आणि कमरेएवढ्या पाण्यात मुद्दाम भरू द्या. हो, बादलीने पाणी ओतून भरा. ती कड पाण्याला लावून तरंगत राहिली तर बैठकीखाली फोम किंवा हवेचे कप्पे शाबूत आहेत. तळाला गेली तर तुम्हाला ते काठावर कळले, हे काय थोडे झाले? मी हे सांगितले तेव्हा काठावरचे चारजण हसले. पाचवा, पिकल्या मिशांचा मासेमार, हसला नाही. तो म्हणाला, "माझी भरून बघा, मालक. मला बी कळू द्या."

तळ सपाट की निमुळता, यावरही वाद होतो. निमुळता तळ लाट कापतो आणि मोटारीवर छान पळतो, पण उभ्याने जाळे ओढताना डुलतो. सपाट तळ उथळ पाण्यात शिरतो, मुलांना बसायला स्थिर वाटतो, लाटेवर मात्र आपटतो. उजनीचे पाणी घ्या. पूर्ण भरलेली पातळी आणि मृतसाठ्याची पातळी यांत जवळजवळ सहा मीटरचा फरक आहे. अश्विनात जिथे बांबू पोचत नाही तिथे वैशाखात चिखल असतो, आणि बुडालेल्या बाभळींचे बुंधे, जुन्या भिंती पाण्याखाली वीतभरावर येतात. अशा ठिकाणी घरच्या वापराला सपाट, रुंद तळाचीच होडी घ्यावी.

मोटारीचे सांगायचे तर आधी माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका पावसाळ्यात पलीकडच्या गावच्या शिवारफेरीला आम्ही अकराजण एका होडीतून निघालो. अकरा! मी आज इतरांना भागाकार शिकवतो, पण त्या दिवशी मीही मुकाट बसलो, कारण रस्त्याने जायला दोन तास लागले असते. मधोमध गेल्यावर मोटारीचा पंखा कोणाच्या तरी जाळ्यात गुंतला आणि आतली पिन तुटली. जादा पिन नव्हती, वल्ही नव्हती, जॅकेट कोणालाच नव्हते. वाऱ्याने होडी आडवी केली आणि प्रत्येक लाट कडेवरून थोडी थोडी आत येऊ लागली. आम्ही जेवणाच्या डब्यांची झाकणे काढून पाणी उपसत होतो. दुसऱ्या होडीने दोर टाकला तोपर्यंत पाऊण तास गेला असेल. त्या पाऊण तासात कोणी एक शब्द बोलले नाही.

तेव्हापासून माझे सांगणे असे की, पहिली मोटार म्हणजे वल्ह्यांची जोडी. घरातल्या दोघांना वाऱ्याविरुद्ध वल्हवता आले पाहिजे, मग खुशाल मोटार घ्या. चौदा फुटी होडीला घरच्या कामासाठी पाच अश्वशक्ती पुष्कळ झाली. चार-स्ट्रोक मोटार जड आणि महाग, पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावे लागत नाही आणि आवाज कमी. पंखा सोडवायला पान्हा, पिना आणि एक धारदार विळा होडीतच बांधून ठेवा. जलपर्णी दिसली की मोटार बंद करून बांबूने ढकला. रोहितांच्या थव्याजवळही तेच. दुरूनच मोटार बंद केली आणि हळूच सरकलात तर ते चरत राहतात. मोटारीने घुसलात तर सगळा थवा उठतो, पक्ष्यांचे पोट रिकामे राहते आणि पाहुण्यांना शेपट्या दिसतात.

जॅकेटे प्रत्येकाला एक, आणि मुलांची वेगळी. मुलाला मोठ्याचे जॅकेट घातले की मूल खालून निसटते आणि जॅकेट वर राहते. घातल्यावर पट्टे आवळा आणि खांद्यांना धरून वर उचला. जॅकेट कानापर्यंत वर आले तर ते त्या मुलाचे नव्हे. सोबत पाणी उपसायला डबा, वाऱ्यात होडी धरून ठेवायला नांगर. नांगर शब्द आपल्याला परका नाही. शेतातला जसा जमिनीत दात रोवतो तसाच हाही रोवतो. मात्र त्याचा दोर पाण्याच्या खोलीच्या चार-पाचपट सोडावा लागतो, नाहीतर तो नुसता फरफटतो.

पैशाची वाटणी मी त्यांना जुन्या हिशेबाने करून दिली. होडीसाठी काढलेला रुपया सोळा आण्यांचा धरा. नऊ आणे होडीला. दोन आणे जॅकेटांना. वल्ही, नांगर, दोर, डबे यांना एक आणा. पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला दोन, कागदपत्रांना एक, आणि एक आणा शिल्लक. सोळाही आणे होडीवर घालवलेत तर जॅकेटे "पुढच्या हंगामात" राहतात, आणि वारा पुढच्या हंगामाची वाट पाहत नाही. कागदपत्रांचे म्हणाल तर पाणी पाटबंधारे खात्याचे, मासळीचा परवाना वेगळा. पैसे घेऊन माणसे बसवायची तर २०२१ साली देशातल्या नद्या-तलावांवरच्या जलयानांचा नवा कायदा झाला आहे. नोंदणी, तपासणी, विमा हे आलेच. होडी घ्यायच्या आधी हे विचारून या, घेतल्यावर नव्हे.

"म्हणजे मोटारीला काहीच नाही?" नातवाने विचारले.

"यंदा नाही," आबा म्हणाले. "मासळीच्या पैशातून घे. तेवढ्यात पाणी तुला ओळखील नि तू पाण्याला."

पोरगा दोन दिवस रुसला होता, असे वहिनींनी मला फोनवर सांगितले. मग तो स्वतःच त्या पिकल्या मिशांच्या मासेमाराकडे गेला. त्याची जुनी चौदा फुटी होडी भरून पाहिली तेव्हा तरंगली होती. मागची फळी तेवढी बदलायची होती. सौदा झाला. फळी बदलली. नातवाने एक चांगले काम केले: होडीच्या बाजूवर इंचा-इंचाच्या पांढऱ्या रेघा ओढल्या आणि पाचव्या इंचाला तांबडी रेघ मारली.

फाल्गुनात मी पुन्हा गेलो तेव्हा घरात आबा एकटेच होते. आदल्या दिवशी सकाळी वहिनी, नातू आणि नात होडीने माहेरी गेल्या होत्या. पहाटे पाणी शांत होते, नातवाने वल्हवत नेले. दुपारी परत यायचे ठरले होते. पण दुपारी पश्चिमेला ढग चढले आणि वारा सुटला. वहिनींनी फोन केला, "आम्ही राहतो इथेच आज." आबा म्हणाले, "राहा." एवढेच बोलणे.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी आणि आबा काठावर उभे होतो. पाणी पुन्हा काचेसारखे झाले होते. दूर उथळात रोहित उभे होते. त्यांच्या अलीकडून एक ठिपका हळूहळू मोठा होत आला. नातू वल्हवत होता, वहिनी मागे बसल्या होत्या, पुढच्या टोकाला नात भगव्या जॅकेटात. मध्ये माहेरच्या नव्या ज्वारीची पन्नास-पन्नास किलोची दोन पोती आडवी ठेवलेली.

होडी काठाला लागली. नातवाने दोर बाभळीच्या जुन्या बुंध्याला बांधला. आबांनी पोती उतरवायला हात पुढे केले तर नात ओरडली, "आबा, थांबा!" ती गुडघाभर पाण्यात उतरली, बाजूच्या रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाली, "आता उतरवा."

दोन्ही पोती उतरली. तिने वाकून पुन्हा पाहिले.

"एक इंच," ती म्हणाली.